उपराष्ट्रपतीपद शोभेचं आहे का? खरा बदल राज्यसभेच्या खुर्चीत झालाय

प्रश्न असा आलाय की उपराष्ट्रपती हे पद नुसतं शोभेचं आहे का, राष्ट्रपतींना काही झालं तर ते अमेरिकेसारखे आपोआप राष्ट्रपती होतात का, आणि तसं नसेल तर जुलै २०२५ मध्ये जगदीप धनखडांनी राजीनामा दिल्यावर एवढी खळबळ का उडाली. मी घटनात्मक केसेसची वकिली करतो, पक्षांतरबंदीच्या याचिका पीठासीन अधिकाऱ्यांपुढे (म्हणजे सभागृहाच्या अध्यक्षांपुढे किंवा सभापतींपुढे) आणि मग हायकोर्टात चालवण्यात बरीच वर्षं गेलीत, त्यामुळे माझं उत्तर त्या अंगाने येणार. थोडक्यात सांगतो, पद शोभेचं नाही, आपोआप राष्ट्रपती कुणी होत नाही, आणि खळबळ उडाली कारण या पदाचं वजन ज्या जागी वाढलंय तिकडे बहुतेकांचं लक्षच नसतं. सगळे कलम ६३ ते ७१ पाठ करतात, आणि ती कलमं १९५० पासून जवळपास तशीच आहेत. उपराष्ट्रपती हाच राज्यसभेचा सभापती असतो, आणि बदल झालाय तो त्या सभापतीच्या खुर्चीत. वेगवेगळ्या कायद्यांनी एकेक अधिकार तिथे आणून ठेवला आणि त्या अधिकारांना लगाम घालायची सोय मात्र कुणी केली नाही.

आधी राष्ट्रपतींच्या जागी काम बघण्याचं घेऊ, कारण परीक्षेला तेच विचारतात आणि गोंधळही तिथेच जास्त आहे. कलम ६५ म्हणतं की राष्ट्रपतींचा मृत्यू झाला, त्यांनी राजीनामा दिला किंवा त्यांना पदावरून काढलं तर नवे राष्ट्रपती येईपर्यंत उपराष्ट्रपती राष्ट्रपती म्हणून काम बघतात. कलम ६२ प्रमाणे नवी निवडणूक सहा महिन्यांच्या आत घ्यावी लागते, म्हणजे उरलेली टर्म काही त्यांच्या पदरात पडत नाही. तेवढ्या काळात पगार, अधिकार, संरक्षण सगळं राष्ट्रपतींचं मिळतं आणि राज्यसभेच्या खुर्चीवर बसायचं नाही. राष्ट्रपती नुसते आजारी असले किंवा देशाबाहेर असले तरी हीच सोय आहे. १९६१ मध्ये राजेंद्र प्रसाद आजारी असताना राधाकृष्णन यांनी काम बघितलं, १९८२ मध्ये झैलसिंग हार्टच्या ऑपरेशनसाठी अमेरिकेला गेले तेव्हा हिदायतुल्लांनी.

हे सरळ वाटतं, पण १९६९ मध्ये या व्यवस्थेतलं एक मोठं भगदाड उघडं पडलं. ३ मे १९६९ ला झाकीर हुसेन गेले, पदावर असताना मृत्यू झालेले ते पहिले राष्ट्रपती. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी काम बघायला लागले. पण गिरींनाच राष्ट्रपतीपदाची निवडणूक लढवायची होती, मग ते निघून गेल्यावर राष्ट्रपतींच्या जागी कोण? घटनेत याचं नाव गाव काही नव्हतं, कलम ७० ने फक्त संसदेला अशा प्रसंगासाठी सोय करायची मुभा दिली होती आणि एकोणीस वर्षं ती कुणी वापरली नव्हती. मग घाईने १९६९ चा कायदा झाला की दोन्ही पदं रिकामी असली तर सरन्यायाधीश काम बघतील. गिरींनी २० जुलैला राजीनामा दिला आणि सरन्यायाधीश हिदायतुल्ला २४ ऑगस्टपर्यंत राष्ट्रपती म्हणून बसले, अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीत आले ते याच काळात. हिदायतुल्ला तसे आपल्याला जवळचे, नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले आणि नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले. आधी सरन्यायाधीश म्हणून आणि पुढे उपराष्ट्रपती म्हणून, असं दोन वेगळ्या दारांनी राष्ट्रपतींच्या खुर्चीवर बसलेला माणूस दुसरा नाही.

आता त्यातली एक तारीख बघा. गिरींनी राजीनामा दिला २० जुलैला, आणि १९ जुलैला त्यांनी १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकमावर सही केली होती. त्यात पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र होती आणि मुंबईतल्या कितीतरी मोठ्या बँका होत्या. म्हणजे देशाच्या अर्थकारणाची दिशा बदलणारी सही ज्याने केली तो निवडून आलेला राष्ट्रपती नव्हता, तात्पुरतं काम बघणारा उपराष्ट्रपती होता, आणि दुसऱ्या दिवशी तो पद सोडून निवडणुकीच्या रिंगणात उतरला. कायद्याने त्या सहीत खोट काहीच नाही कारण कलम ६५ पूर्ण अधिकार देतं, अर्धे नाही. पुढे कूपर केसमध्ये सुप्रीम कोर्टाने राष्ट्रीयीकरणाचा कायदा पाडला तो वेगळ्या कारणांवर. पण मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण हा तात्पुरता माणूस फक्त फायली पुढे ढकलेल असं जे आपण गृहीत धरतो त्याला घटनेत कुठेच आधार नाही.

दुसरा प्रसंग १९७७ चा. ११ फेब्रुवारीला राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद गेले आणि उपराष्ट्रपती बी. डी. जत्ती काम बघायला लागले. हे जत्ती जमखंडी संस्थानातून आलेले, जुन्या मुंबई राज्याच्या विधानसभेत बसलेले. मार्चमध्ये जनता पक्ष सत्तेवर आला आणि त्याने काँग्रेसची सरकारं असलेल्या नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करायचा सल्ला दिला. जत्ती लगेच सही करायला तयार नव्हते. पण ४२ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक करून ठेवला होता आणि सल्ला एकदा फेरविचाराला परत पाठवायची सोय ४४ व्या दुरुस्तीने आली ती नंतर, १९७८ मध्ये. म्हणजे जत्तींच्या हातात 'परत विचार करा' म्हणायचंसुद्धा साधन नव्हतं. सुप्रीम कोर्टाने राज्यांचे दावे फेटाळले आणि ३० एप्रिलला जत्तींनी सही केली.

हा भाग इथेच संपवतो, कारण १९७७ नंतर एकही राष्ट्रपती पदावर असताना गेलेले नाहीत आणि ही तरतूद तशी झोपलेलीच आहे.

घटनेच्या मजकुरातले थेट बदल पटकन सांगतो. मूळ कलम ६६ प्रमाणे दोन्ही सभागृहांच्या खासदारांनी एकत्र बैठकीत जमून उपराष्ट्रपती निवडायचा होता, १९६१ च्या ११ व्या घटनादुरुस्तीने ती एकत्र बैठक काढली आणि नुसतं निर्वाचक मंडळ ठेवलं, शिवाय मंडळातल्या काही जागा रिकाम्या होत्या म्हणून निवडणूक बेकायदा असं म्हणता येणार नाही हेही घातलं. आणीबाणीत ३९ व्या दुरुस्तीने राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान आणि लोकसभा अध्यक्ष यांच्या निवडणुकीचे वाद कोर्टाबाहेर नेले, ४४ व्या दुरुस्तीने राष्ट्रपती-उपराष्ट्रपतींचे वाद परत सुप्रीम कोर्टाकडे आणले. बस, मजकुरात लक्षात ठेवण्यासारखं एवढंच.

आता मुख्य मुद्दा. घटना समितीत डिसेंबर १९४८ च्या शेवटी यावर चर्चा झाली तेव्हा एक प्रश्न आला की राष्ट्रपतींच्या निवडणुकीत राज्यांचे आमदार मत देतात मग उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीत का नाहीत. बाबासाहेबांचं उत्तर अगदी व्यवहारी होतं, राष्ट्रपतींचे अधिकार केंद्र आणि राज्यं दोन्हींना लागू होतात, उपराष्ट्रपतींचं नेहमीचं काम मात्र फक्त राज्यसभेचं अध्यक्षस्थान सांभाळणं आहे, राष्ट्रपतींचं काम त्यांच्याकडे क्वचित आणि थोड्या काळासाठी येणार, तेवढ्यासाठी आमदारांना बोलवायची गरज नाही. म्हणजे घटनाकारांच्या डोक्यात हे पद पहिल्यापासून सभापतीचं पद होतं. त्याचा एक पुरावा पगारात सापडतो. उपराष्ट्रपतींना उपराष्ट्रपती म्हणून पगारच नाही, त्यांना सभापती म्हणून १९५३ च्या कायद्याखाली पगार मिळतो, सध्या महिना ४ लाख रुपये.

पण या रचनेत एक अडचण पहिल्या दिवसापासून आहे. लोकसभेचा अध्यक्ष लोकसभा स्वतः निवडते. राज्यसभेचा सभापती राज्यसभा निवडत नाही, दोन्ही सभागृहं मिळून निवडतात. पूर्ण संख्या धरली तर ५४३ लोकसभेचे आणि २४५ राज्यसभेचे, एकूण ७८८ मतं, त्यात राज्यसभेचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहून कमी. म्हणजे लोकसभेत ज्याचं मोठं बहुमत त्याचा माणूस राज्यसभेच्या खुर्चीवर, मग राज्यसभेत विरोधकांचं संख्याबळ जास्त का असेना. २०१७ मध्ये व्यंकय्या नायडू निवडून आले तेव्हा नेमकी हीच स्थिती होती, एनडीएकडे राज्यसभेत बहुमत नव्हतं. राज्यसभेने सरकारला ब्रेक लावावा अशी अपेक्षा आणि त्या सभागृहाचा सभापती मात्र लोकसभेच्या जोरावर आलेला, इथे खरी ग्यानबाची मेख आहे.

सुरुवातीला याचा त्रास जाणवला नाही. १९५२ मध्ये राधाकृष्णन यांनी खुर्ची सांभाळताना सांगितलं होतं की मी कुठल्याच पक्षाचा नाही, म्हणजे या सभागृहातल्या सगळ्या पक्षांचा आहे. माणूस मोठा होता, एका पक्षाचं वर्चस्व होतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तेव्हा सभापतीकडे ठरवण्यासारखं फार काही नव्हतंच. कुणाला बोलायला द्यायचं, कुणाला खाली बसवायचं, मतं समसमान पडली तर निर्णायक मत द्यायचं, संपलं. सभापती सभागृहाचा सदस्य नसतो त्यामुळे एरवी त्याला मतच नाही. विधेयक धनविधेयक आहे का ते लोकसभा अध्यक्ष ठरवतात, संयुक्त बैठकीत खुर्चीवर तेच बसतात. अशा कामात सभापती थोडा इकडे झुकला थोडा तिकडे, कुणाचं पद जात नव्हतं.

मग १९६८ चा न्यायाधीश चौकशी कायदा आला. सुप्रीम कोर्ट किंवा हायकोर्टाच्या न्यायाधीशाला काढायची नोटीस लोकसभेत किमान १०० किंवा राज्यसभेत किमान ५० खासदारांनी द्यायची, आणि ती दाखल करून घ्यायची की नाही ते त्या सभागृहाचा पीठासीन अधिकारी ठरवणार. कायदा म्हणतो त्याला योग्य वाटेल त्यांचा सल्ला घ्यावा, असेल ती सामग्री बघावी आणि नोटीस स्वीकारावी किंवा नाकारावी. किती दिवसांत, कुठल्या कसोटीवर, कारणं लिहून द्यायची की नाही, काही नाही. उपराष्ट्रपती असताना हमीद अन्सारींनी कोलकाता हायकोर्टाचे न्यायमूर्ती सौमित्र सेन यांच्याबाबतची नोटीस स्वीकारून चौकशी समिती नेमली आणि १८ ऑगस्ट २०११ ला राज्यसभेने त्यांना काढायचा प्रस्ताव मोठ्या बहुमताने मंजूर केला, लोकसभेत जायच्या आत सेन यांनी राजीनामा दिला. २०१८ मध्ये सरन्यायाधीश दीपक मिश्रांविरुद्धची नोटीस २० एप्रिलला व्यंकय्या नायडूंकडे गेली आणि २३ एप्रिलला त्यांनी फेटाळली, आरोप सिद्ध गैरवर्तनाच्या कसोटीला उतरत नाहीत असा सूर धरून. माझं यावर स्पष्ट मत आहे. गैरवर्तन सिद्ध होतं का हे बघायलाच समिती असते, सभापतीने फक्त एवढंच बघायचं की आरोपात चौकशी करण्याइतका दम आहे का. दारावर बसलेल्यानेच निकाल देऊन टाकला तर आतलं कोर्ट कशाला? आरोप खरे होते की खोटे यावर मी काहीच म्हणत नाही, प्रश्न कुणी ठरवायचं हा आहे. काँग्रेसचे खासदार सुप्रीम कोर्टात गेले आणि ८ मे ला याचिका मागे घेऊन आले, त्यामुळे हा मुद्दा त्या वेळी निकालात निघालाच नाही.

आणि १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली, म्हणजे पक्षांतरबंदी. हा सगळ्यात मोठा बदल, आणि तो उपराष्ट्रपतींच्या कलमांमध्ये एक अक्षरही न बदलता झाला. राज्यसभेच्या खासदाराने पक्ष सोडला का, त्याची खासदारकी जाते का, हे सभापती ठरवणार. प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगतो. याचिका दिवाणी दाव्यासारखी सही आणि सत्यापन करून द्यायची, सोबत कागद जोडायचे. सभापती बघतात की ती नियमात बसते का, बसली की समोरच्या खासदाराला प्रत जाते आणि त्याला उत्तराला सात दिवस मिळतात. मग सभापती स्वतः ऐकतात किंवा विशेषाधिकार समितीकडे पाठवतात. इथपर्यंत सगळं घड्याळाच्या काट्यावर आहे, खासदाराला सात दिवसांची मुदत आहे, पण निकाल देणाऱ्याला मुदत किती? नियमात नाही. आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं की अशा केसमध्ये कायद्याचा मुद्दा क्वचितच अवघड असतो, अवघड असते ती तारीख. निकाल लवकर लावायचा की लटकवायचा, यातच बहुतेक वेळा खेळ संपतो.

डिसेंबर २०१७ मध्ये नायडूंनी शरद यादव आणि अली अन्वर यांना अपात्र ठरवलं. नितीश कुमारांनी बिहारमध्ये भाजपशी परत हातमिळवणी केली, या दोघांनी विरोध केला आणि विरोधकांच्या सभेला गेले, त्यावरून त्यांनी स्वेच्छेने पक्ष सोडला असं धरलं गेलं. याचिका काही महिन्यांत निकाली लागली, नायडूंचं म्हणणं होतं की असे अर्ज तीन महिन्यांत संपवायला हवेत. वेगाबद्दल मी त्यांचं कौतुकच करेन. फक्त प्रत्येक पक्षाच्या प्रत्येक अर्जाला हाच वेग मिळेल याची हमी कोण देणार, कारण तो सभापतीच्या मर्जीवर आहे. महाराष्ट्रातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको, २०२२ नंतर विधानसभा अध्यक्षांपुढच्या अपात्रतेच्या याचिका किती लांबल्या आणि सुप्रीम कोर्टाला तारखा द्याव्या लागल्या ते सगळ्यांनी बघितलंय. दहावी अनुसूची विधानसभेला जी तीच राज्यसभेला.

१९९२ च्या किहोतो होलोहन निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की या कामात पीठासीन अधिकारी हा लवाद आहे आणि त्याचा निकाल कोर्टात तपासता येतो. पण तपासणी निकाल लागल्यावर, लागलाच नाही तर काय तपासणार? म्हणून २०२० च्या मणिपूर केसमध्ये कोर्टाने तीन महिन्यांची अपेक्षा घातली आणि हे काम निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालच्या स्वतंत्र लवादाकडे द्यायचा विचार संसदेने करावा असं सुचवलं. जुलै २०२५ मध्ये तेलंगणाच्या केसमध्ये, सरन्यायाधीश आपले अमरावतीचे भूषण गवई असताना, परत तेच, तीन महिन्यांत निकाल द्या आणि संसदेने ही व्यवस्था तपासून बघावी. संसदेने अजून काही केलेलं नाही.

रोजच्या कामकाजातही खुर्चीचं वजन वाढलंच. २९ डिसेंबर २०११ ची रात्र आठवत असेल, लोकपाल विधेयकावर राज्यसभेत दिवसभर चर्चा, ढीगभर दुरुस्त्या आलेल्या, एका खासदाराने मंत्र्यांकडचे कागद हिसकावून फाडलेले, अधिवेशनाचा शेवटचा दिवस, आणि मध्यरात्री अन्सारींनी मतदान न घेता सभागृह बेमुदत तहकूब केलं. त्या वेळच्या विरोधकांनी, म्हणजे भाजपने, सरकारला वाचवलं म्हणून टीका केली. २० सप्टेंबर २०२० ला उपसभापती हरिवंश खुर्चीवर होते, कृषी विधेयकांवर विरोधक मतविभागणी मागत होते आणि विधेयकं गदारोळात आवाजी मतदानाने मंजूर झाली. खासदार आपापल्या जागेवर नव्हते हे कारण दिलं गेलं. माझ्या मते एकाही खासदाराने मतविभागणी मागितली तर ती द्यायची, गोंधळ असेल तर दहा मिनिटं तहकूब करा आणि परत बसा, पण मतं मोजा. देशभर आंदोलन पेटलेल्या कायद्याला राज्यसभेत किती मतं पडली हे आज कुणालाच सांगता येत नाही. नियम २६७ चंही तसंच, कामकाज बाजूला ठेवून तातडीची चर्चा घेण्याची मागणी नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीवर मान्य झाली होती, पण त्यानंतर अशा नोटिसांचा ढीग फेटाळला गेला. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहं मिळून १४६ खासदार निलंबित झाले. निलंबनाचा प्रस्ताव राज्यसभा मंजूर करते हे खरं, पण निलंबित करायच्या खासदाराचं नाव आधी सभापतीच घेतात.

मग अशा सभापतीबद्दल सभागृहाला तक्रार असेल तर? कलम ६७ मध्ये उत्तर आहे आणि कागदावर ते सोपं आहे. राष्ट्रपतींना काढायला घटनाभंगाचा आरोप आणि दोन तृतीयांश मतं लागतात, उपराष्ट्रपतींना काढायला कारणच द्यावं लागत नाही, राज्यसभेच्या त्या वेळच्या एकूण सदस्यांचं बहुमत आणि लोकसभेची संमती पुरते. अट एकच, किमान १४ दिवस आधी नोटीस. १० डिसेंबर २०२४ ला ६० विरोधी खासदारांनी धनखडांविरुद्ध अशी नोटीस दिली, देशात पहिल्यांदाच. हिवाळी अधिवेशन संपणार होतं २० डिसेंबरला. १० मध्ये १४ मिळवले की २४, अधिवेशन आधीच संपलेलं. १९ डिसेंबरला उपसभापतींनी नोटीस सदोष आणि घाईत केलेली आहे असं म्हणत फेटाळली, कारणांमध्ये हा १४ दिवसांचा हिशोबही होता.

मी कलम ६७ परत परत वाचलंय. नोटीस किमान १४ दिवस आधी द्यायची एवढंच त्यात आहे, ते १४ दिवस त्याच अधिवेशनात बसले पाहिजेत असं कुठेच लिहिलेलं नाही. नोटीस जिवंत ठेवून पुढच्या अधिवेशनात प्रस्ताव घ्यायला काय हरकत होती? संख्याबळ बघता प्रस्ताव पडलाच असता, तो भाग वेगळा. पण त्यावर चर्चा झाली असती, कलम ९२ प्रमाणे धनखडांना स्वतःची बाजू सभागृहात मांडता आली असती, आणि पद तावून सुलाखून निघालं असतं. एकमेव लगामाची परीक्षा व्हायची ती संधी गेली.

आता २१ जुलै २०२५. पावसाळी अधिवेशनाचा पहिला दिवस. दुपारी धनखडांनी सभागृहात सांगितलं की अलाहाबाद हायकोर्टाचे न्यायमूर्ती यशवंत वर्मा यांना काढायची नोटीस ५० हून जास्त खासदारांच्या सह्यांनी आपल्याकडे आलीय. लोकसभेतही त्याच दिवशी नोटीस गेली होती, आणि १९६८ च्या कायद्यात सोय आहे की दोन्हीकडे एकाच दिवशी नोटीस आली आणि दोन्हीकडे स्वीकारली गेली तर समिती अध्यक्ष आणि सभापती मिळून नेमतात. संध्याकाळी त्यांनी तब्येतीचं कारण देऊन राष्ट्रपतींकडे राजीनामा पाठवला. कारणांची चर्चा खूप झाली, मी त्यात शिरत नाही. पण एवढं दिसतं की शोभेच्या पदावरचा माणूस गेला असता तर न्यायाधीशाच्या चौकशीचा प्रश्न त्याच्या जाण्याशी जोडलाच गेला नसता. आधी जे उपराष्ट्रपती मुदतीआधी गेले ते बहुतेक राष्ट्रपती व्हायला किंवा त्या निवडणुकीच्या निमित्ताने गेले, कृष्णकांत २००२ मध्ये पदावर असतानाच वारले.

आणि रिकाम्या पदाचं काय होतं तेही बघा. 'हंगामी उपराष्ट्रपती' असं पद घटनेत नाही. उपसभापती फक्त राज्यसभेची खुर्ची सांभाळतात. राष्ट्रपतींची जागा भरायला सहा महिन्यांची मुदत आहे, उपराष्ट्रपतींची जागा 'शक्य तितक्या लवकर' भरायची. या वेळी निवडणूक ९ सप्टेंबरला झाली, आपल्याच राज्याचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन ४५२ विरुद्ध ३०० मतांनी बी. सुदर्शन रेड्डींना हरवून निवडून आले आणि १२ सप्टेंबरला त्यांनी शपथ घेतली. त्यांना धनखडांची उरलेली टर्म नाही, पूर्ण पाच वर्षं मिळाली. दिल्लीत घाई झाली म्हणून ठीक, मोघम तरतुदीचा परिणाम आपण आपल्या विधान परिषदेत बघितलाय, जुलै २०२२ मध्ये सभापतीपद रिकामं झालं ते डिसेंबर २०२४ मध्ये राम शिंदे निवडून येईपर्यंत उपसभापतींवरच चाललं.

अमेरिकेबद्दल थोडंच. तिथे १८४१ मध्ये हॅरिसन वारले आणि उपाध्यक्ष टायलर यांनी मी पूर्ण अध्यक्ष आहे असं ठामपणे सांगून प्रथा पाडली, ती घटनेत लिहिली गेली १९६७ च्या २५ व्या दुरुस्तीने. तिथलाही उपाध्यक्ष कागदावर सिनेटचा अध्यक्ष आहे, पण तो खुर्ची सोडून व्हाइट हाऊसमध्ये गेला, विशेषतः १९७७ मध्ये मॉन्डेल आल्यापासून तो अध्यक्षाचा जवळचा सल्लागार झाला. आणि ६ जानेवारी २०२१ ला अध्यक्षपदाच्या निवडणुकीची मतं मोजताना निकाल फिरवायला उपाध्यक्ष पेन्सवर दबाव आल्यावर २०२२ मध्ये त्यांनी कायदाच केला की मतमोजणीतलं उपाध्यक्षाचं काम फक्त औपचारिक आहे. एक प्रसंग घडला आणि दोन वर्षांच्या आत कायदा झाला, हे शिकण्यासारखं आहे.

आणखी एका बदलावर फार कुणी लिहीत नाही. राधाकृष्णन, झाकीर हुसेन, गिरी, वेंकटरामन, शंकरदयाळ शर्मा (हे उपराष्ट्रपती व्हायच्या आधी महाराष्ट्राचे राज्यपाल होते), के. आर. नारायणन, असे सहा उपराष्ट्रपती पुढे राष्ट्रपती झाले. १९९७ नंतर एकही नाही. भैरोसिंह शेखावतांनी २००२ मध्ये आपल्या सुशीलकुमार शिंदेंना ४५४ विरुद्ध ३०५ ने हरवलं आणि २००७ मध्ये तेच प्रतिभाताई पाटलांकडून राष्ट्रपतीपदाला हरले. मला वाटतं जोवर पुढची पायरी राष्ट्रपतीपदाची होती आणि त्यासाठी सगळ्या पक्षांत मान असणं उपयोगाचं होतं, तोवर सभापतीला विरोधकांनाही सांभाळून घ्यावं लागायचं. तो धागा आता सैल झालाय. हे माझं अनुमान आहे, कायदा नाही.

मग करायचं काय? सभापतीची निवड राज्यसभेनेच करावी म्हणणारे आहेत, मला ते पटत नाही, कारण मग तोच माणूस राष्ट्रपतींच्या जागी बसतो तेव्हा त्याच्यामागे लोकसभेचा कौल नसेल. पण पक्षांतराचे निकाल त्याच्याकडून काढून स्वतंत्र लवादाकडे द्यावेत, याला घटनादुरुस्ती लागेल. न्यायाधीशांच्या नोटिसीवर ठराविक दिवसांत, लेखी कारणांसह निर्णय द्यायचं बंधन १९६८ च्या कायद्यात साध्या बहुमताने घालता येतं. पक्षांतराच्या याचिकांना मुदत घालायची तर दहाव्या अनुसूचीखालचे नियम सभापती स्वतः करतात आणि ते सभागृहापुढे ठेवले जातात, तिथे एक ओळ वाढवायची आहे. आणि कलम ६७ ची नोटीस अधिवेशन संपल्यावरही जिवंत राहील, एवढं राज्यसभेला कलम ११८ खाली स्वतःच्या नियमांत लिहिता येतं, त्याला लोकसभेची परवानगीसुद्धा लागत नाही.